पुन्हा तीच दोन गावं, पुन्हा सेमीफायनल

तूर खळ्यावर आली, कापसाची शेवटची वेचणी तेवढी उरली, की शाळेच्या मैदानावर चषकाचा बॅनर लागतो. यंदाच्या टपालात फुटबॉलच्या बाद फेरीबद्दलची पत्रं बरीच आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्रात समोरचा संघ 'नेहमीचाच' आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं गाव नदीच्या अलीकडे, ते पलीकडे. चार वर्षांत तीनदा सेमीत गाठ पडली. दोनदा ते जिंकले, एकदा आम्ही, तेही टायब्रेकरवर. त्यांचा डावीकडचा उंच पोरगा लांब थ्रो टाकतो, बॉल थेट गोलसमोर पडतो. दोन्ही वेळा गोल तिथूनच खाल्ला. आमचा बचाव भक्कम आहे, पण गोल होत नाहीत. यंदा कोण जिंकेल? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सामना कुठे फुटणार ते तुमच्याच पत्रात आहे. तो थ्रो हा त्यांचा अर्धा संघ आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

थ्रोवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड (बचावाच्या मागे आधीच जाऊन उभं राहिल्याची चूक) नसतो. त्यामुळे 'लाइन पुढे काढा' ही आरोळी इथे कामाची नाही, उलट मागे जागा मोकळी सुटते. थ्रो जिथून होतो त्या जागेपासून तुमचा खेळाडू किमान २ मीटर दूर हवा. तिथे एकाला उभा कराच, म्हणजे थ्रोला उंची द्यावी लागते आणि बॉल हवेत जास्त वेळ राहतो. मात्र त्याने नाचायचं नाही, हात हलवायचे नाहीत, नाहीतर पिवळं कार्ड. तुमचा सगळ्यात उंच बॅक जवळच्या खांबाशी उभा करा, पण डोक्याने बॉल मागे सरकवणाऱ्या त्यांच्या खेळाडूच्या पुढे, पाठीशी नव्हे. पाठीशी उभा राहिलेला बॅक उडी मारतो ती त्याच्या खांद्यावर, आणि पंच पेनल्टी देतो. एक जण पेनल्टी क्षेत्राच्या टोकाला हवा. पहिला बॉल निम्म्या वेळा तुम्हीच काढाल, गोल होतो तो परत आलेल्या दुसऱ्या बॉलवर.

गोलकीपरला एक नियम तोंडपाठ हवा. थ्रो कोणालाही न लागता थेट गोलात गेला, तर तो गोल नाही, गोलकिक मिळते. गोलकीपरचं बोट लागून गेला तर गोल. म्हणजे कोणालाच न लागलेला, हाताशी येत नसलेला बॉल सोडून देणं हे इथे शहाणपण आहे. सरावात त्याला हे मुद्दाम करायला लावा, कारण हात आपोआप वर जातो.

आता मूळ दुखणं. थ्रो त्यांना देतं कोण? तुम्हीच. दडपण आलं की काठावरून लोक 'बाहेर मार, बाहेर मार' ओरडतात आणि बॅक मारतो. स्वतःच्या अर्ध्यात त्या बाजूला बॉल बाहेर काढणं म्हणजे त्यांना कॉर्नर देण्यासारखंच आहे. काढायचाच असेल तर लांब, मैदानाच्या मधोमध किंवा दुसऱ्या बाजूला.

गोल होत नाहीत, त्याचंही उत्तर त्याच थ्रोमध्ये आहे. थ्रो टाकणारा पोरगा रेषेबाहेर असतो, त्यांचे दोन्ही उंच बॅक तुमच्या गोलसमोर आलेले असतात. म्हणजे तुमच्या उजव्या हाताला, त्याच्या मागे, सगळं रान मोकळं. तुमचा सगळ्यात वेगवान फॉरवर्ड त्या वेळी मध्यरेषेच्या अलीकडे, आपल्याच अर्ध्यात ठेवा. बॉल सुटला त्या क्षणी तो आपल्या अर्ध्यात असला तर ऑफसाइड लागतच नाही. त्याला बचावाला बोलावू नका, कितीही घबराट झाली तरी.

आमचं मत विचाराल, तर पूर्ण सामन्यात तुमच्या शेवटच्या ३० मीटरमध्ये त्यांना पाच-सहाच थ्रो मिळाले तर पारडं तुमचं. बारा-पंधरा मिळाले तर निकाल मागच्यासारखाच.

प्रश्न : जुन्या वैऱ्यांच्या सामन्यात फॉर्म चालतो की ईर्षा? आमच्या पोरांनी समोरच्यांना डिवचणारे स्टेटस ठेवायला आताच सुरुवात केली आहे. (वणी, जि. यवतमाळ)

१३ जुलै १९९७ चा सामना आठवा. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची सेमीफायनल, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. मैदानात १ लाख ३१ हजारांवर लोक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांची खेळाडू उभे करायची 'डायमंड' रचना तेव्हा जोरात होती आणि सामन्याआधी त्यांनी समोरच्या खेळाडूंची नावं घेऊन टिंगलही केली होती. ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी यांनी ती टिंगल आपल्या पोरांसाठी बरोबर वापरून घेतली. निकाल ४-१ ईस्ट बंगाल. तीन गोल एकट्या बायचुंग भुतियाचे, आणि टिंगल झालेल्या नावांत त्याचंही होतं.

तेव्हा स्टेटस काढून टाका. आणखी एक बाब लोक विसरतात : एवढी गाजलेली सेमी जिंकून ईस्ट बंगाल फायनल हरला, गोव्याच्या साळगावकर संघाकडून. सेमीच्या रात्री डीजे लावणार असाल तर फायनल किती तासांनी आहे ते आधी बघा.

प्रश्न : मैदान काळ्या मातीचं. भेगांत बोट जातं. मध्ये चारच दिवस आहेत. मुरूम टाकावा का? पट्टे चुन्याने मारले तर चालतील का? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

मुरूम नको. कडक जमिनीवर सुटा मुरूम पायाखाली गोट्यांसारखा घरंगळतो, आणि पडलेल्याचा गुडघा सोलून निघतो. चार दिवस पुरतात, असे वापरा. पहिल्या दिवशी त्याच मैदानाच्या कडेची माती चाळून भेगांत भरा, काठीने ठासा. दुसऱ्या दिवशी सायंकाळी झारीने किंवा फवाऱ्याने हलकं पाणी. पाट सोडू नका, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग चार दिवसांतही वाळत नाही. तिसऱ्या दिवशी वाफसा आला की रोलर. वाफसा कसा ओळखायचा हे शेतकऱ्याला काय सांगायचं, पण मैदानावर काम करणारी पोरं घाई करतात म्हणून लिहितो : मूठभर मातीचा लाडू अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. हाताला चिकटला तर थांबा, नाहीतर माती रोलरलाच गुंडाळून येईल. चौथ्या दिवशी पट्टे.

पट्ट्यांना चुना अजिबात नको. कळीचा तर नकोच, विरवलेलाही घामाच्या अंगाला आणि डोळ्यांना भाजतो. रांगोळीची पांढरी भुकटी घ्या. १०० बाय ६० मीटरच्या मैदानाचे सगळे पट्टे मिळून सुमारे ६८० मीटर होतात. १० सेंटिमीटर रुंद आणि मिलिमीटरभर जाड पट्ट्याला ८० ते ९० किलो भुकटी लागते. पट्टा १२ सेंटिमीटरपेक्षा रुंद नसावा. कोपरा काटकोनात आणायला दोरीवर ६, ८ आणि १० मीटरचा त्रिकोण धरा, मग दोन्ही कर्ण मोजा. १०० बाय ६० ला कर्ण ११६ मीटर ६२ सेंटिमीटर येतो. दोन कर्णांत वीतभर फरक निघाला तर पुन्हा दोरी धरा. कोणी तरीही चुना मारलाच आणि डोळ्यांत गेला, तर चोळू न देता किमान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि दवाखान्यात न्या.

पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटर, टेपने मोजून. 'बारा पावलं' म्हणतात ते मुळात बारा यार्ड. साध्या चालीची बारा पावलं टाकली तर ठिपका जेमतेम नऊ मीटरवर येतो. बहुतेक मैदानांत या ठिपक्यावर वाटीएवढा खड्डा पडलेला असतो. बॉल त्यात बसला की बूट त्याच्या खालच्या अंगाला लागतो आणि बॉल थेट लिंबाच्या झाडावर. तो खड्डा भरा, ओला करा, धुम्मसाने ठोका.

जाता जाता बुटांबद्दल : अशा जमिनीवर लांब स्क्रूचे स्टड नकोत, टाचा दुखतात आणि घोटा मुरगळतो. बारीक, आखूड, जास्त संख्येचे स्टड घ्या. नवे बूट सेमीच्या दिवशी पहिल्यांदा घालणाऱ्याच्या टाचेला हाफटाइमपर्यंत फोड आलेला असतो.

प्रश्न : बॉलमध्ये हवा किती? आम्ही सायकलच्या दुकानातून मारून आणतो. (पुसद)

पाच नंबरच्या बॉलला ८.५ ते १५.६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालते. कडक जमिनीवर ९ च्या आसपास ठेवा, उसळी आवरते. दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा एका झटक्यात भरते, शिवण ताणली जाते आणि बॉल अंड्यासारखा होतो. हातपंप आणि साधा गेज घ्या. सुई ओली करून घाला, कोरड्या सुईने व्हॉल्व्ह फाटतो.

प्रश्न : मागच्या वर्षी टायब्रेकर अंधारात झाला, मोटारसायकलींचे दिवे लावून. यंदा किती वाजता सुरू करावं? टॉस जिंकल्यावर काय घ्यावं? (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तिथून उलटं मोजा. ३५ मिनिटांचे दोन हाफ, १० मिनिटं विश्रांती, वाया गेलेला वेळ ८-१० मिनिटं, मग १०-१० मिनिटांचा एक्स्ट्रा टाइम, टायब्रेकरला १५ मिनिटं. मधल्या थांब्यांसकट सव्वादोन तास. साडेतीनला शिट्टी वाजली तर पावणेसहाला सगळं उरकतं. साडेतीन म्हणजे शिट्टी, पाहुण्यांचं आगमन नव्हे. भाषणं बक्षीस समारंभाला ठेवा. अंधार बहुतेक वेळा भाषणांच्या चाळीस मिनिटांमुळेच होतो.

टॉस जिंकणारा आता गोलची बाजू किंवा किक-ऑफ, दोन्हींपैकी एक निवडू शकतो. तुमचं मैदान पूर्व-पश्चिम असेल तर बाजूच घ्या, आणि पहिल्या हाफला पूर्वेचा गोल सांभाळा. तेव्हा सूर्य बराच वर असतो. दुसऱ्या हाफला उन्हं तिरपी होतात, तेव्हा डोळ्यांवर ऊन त्यांच्या गोलकीपरच्या. एक्स्ट्रा टाइमसाठी टॉस नव्याने होतो, हे कर्णधाराच्या लक्षात असू द्या.

प्रश्न : एक गोलने पुढे गेले की त्यांचा गोलकीपर बॉल पोटाशी धरून बसतो. (दर्यापूर)

२०२५-२६ च्या नियमांनुसार गोलकीपरला बॉल हातात ८ सेकंदच ठेवता येतो. शेवटची पाच सेकंदं पंच हात वर करून बोटांनी मोजतो. जास्त झाली तर तुम्हाला कॉर्नर. तुमची स्पर्धा नवे नियम पाळते का, हे सामन्याआधीच्या बैठकीत दोन्ही कर्णधारांसमोर पंचांना विचारा. सामना सुरू झाल्यावर काठावरून ओरडून उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या संघातले चौघं ओलिताला जातात. थ्री फेजची लाइन रात्रीची. सामन्याच्या दिवशी पाय जड पडतात. खायचं काय? (मूर्तिजापूर तालुका, जि. अकोला)

एका रात्रीच्या जागरणापेक्षा सलग तीन रात्रींचं जागरण पाय जास्त खातं. सामन्याआधीच्या दोन रात्री तरी या चौघांचं ओलीत दुसऱ्या कोणी सांभाळावं. मंडळ वर्गणी काढून जर्सी आणतं, तसं हे ठरवावं. जर्सीपेक्षा हे स्वस्त आहे. तेही जमत नसेल तर त्यांना दुपारी दीड तास झोपू द्या आणि त्यातल्या दोघांना दुसऱ्या हाफला उतरवा.

साडेतीनच्या सामन्याला साडेबाराच्या आत जेवण : पोळी किंवा भाकर, वरण-भात, थोडी भाजी. तर्री-पोहे, भजी आणि ओला हरभरा त्या दिवशी बंद. हरभरा पोटात काय करतो ते पळताना कळतं. दोन वाजता एखादं केळ. पाण्यासाठी ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात दाट करून नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा हळू नडगीकडे ओढा आणि धरून ठेवा. झटके देऊ नका. दोघंतिघं मिळून पाय हलवतात तो तमाशा आधी थांबवा.

प्रश्न : भाऊ, टायब्रेकर आला की आमच्या पोट्ट्याइचे पाय काहून लटलट कापतात? अन् ऐन वक्ताले गोलकीपर बदलता येते काय? (तिवसा, जि. अमरावती)

कापतात, कारण दमलेल्या पायांनी पेनल्टी मारायची सवयच नसते. सरावाच्या सुरुवातीला ताज्या पायांनी दहा गोल मारून काही कळत नाही. सरावाच्या शेवटी, दहा स्प्रिंट झाल्यावर, आठ जणांनी प्रत्येकी पाच किक मारायच्या. चार सायंकाळी मिळून प्रत्येकाच्या वीस होतात. वहीत लिहा : कुठे मारली, काय झालं. वीसपैकी सोळा आत गेल्या तोच यादीत, मग तो फॉरवर्ड असो की बॅक. किक मारायला प्रत्येक वेळी मध्यवर्तुळातून चालत यायला लावा. १०० मीटरच्या मैदानात मध्यरेषेपासून ठिपक्यापर्यंत ३९ मीटर चाल आहे, आणि पोरगं त्या चालीतच बिघडतं. बाजू निघण्याआधी ठरवायची, वाटेत बदलायची नाही. बॉल स्वतः ठेवायचा. शिट्टी वाजल्याबरोबर पळत सुटायची सक्ती नाही, एक श्वास घ्या.

ताशी ९० किलोमीटरने मारलेला बॉल ११ मीटर जायला अर्ध्या सेकंदापेक्षा कमी घेतो, त्यामुळे गोलकीपर बघून नव्हे तर अंदाजाने उडतो. खांबापासून अर्धा मीटर आत, जमिनीलगत. तिथे तो बरोबर बाजूला उडाला तरी उशीरच होतो.

क्रम ठरवताना सगळ्यात भरवशाचा खेळाडू पाचवा ठेवू नका. २०१२ च्या युरोची सेमी बघा : स्पेन आणि पोर्तुगाल, शेजारी आणि जुने वैरी, ०-०. रोनाल्डो पाचवा ठेवला होता. पोर्तुगाल टायब्रेकरवर ४-२ हरलं, त्याचा नंबर आलाच नाही. मोठ्या संघांच्याही पेनल्टी हुकतात : १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारत फ्रान्सकडून २-१ हरला, त्यात आपल्या दोन पेनल्टी वाया गेल्या होत्या.

गोलकीपर बदलायचा तर एक्स्ट्रा टाइम संपायच्या आत, बदली खेळाडू शिल्लक असेल तर. २०१४ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने कोस्टारिकाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी बदली गोलकीपर टिम क्रुलला आणलं, त्याने दोन किक अडवल्या. टायब्रेकर सुरू झाल्यावर बदली फक्त जखमी गोलकीपरची होते. हां, मैदानावरच्याच दुसऱ्या खेळाडूला हातमोजे घालून गोलात उभं करता येतं, पंचांना सांगून.

बाकी भांडणं ज्यावरून होतात ते नियम असे. एका संघाचे दहाच उरले असतील तर दुसऱ्यानेही एक कमी करायचा. किक बसते त्या क्षणी गोलकीपरचा निदान एक पाय रेषेवर, रेषेच्या वर हवेत किंवा रेषेच्या मागे हवा. पळत येताना हुलकावणी चालते, पण बॉलजवळ पोचून किकची हूल दिली तर पिवळं कार्ड आणि किक वाया. बॉल खांबाला लागून, गोलकीपरच्या पाठीला लागून आत गेला तर गोल. परत आलेला बॉल पुन्हा मारता येत नाही. सामन्यातलं पिवळं कार्ड टायब्रेकरमध्ये मोजत नाहीत, पण टायब्रेकरमध्येच दोन मिळाली तर खेळाडू बाहेर.

प्रश्न : समोरच्यांनी नागपूरहून दोन 'भाड्याचे' आणल्याची खबर आहे. (कारंजा, जि. वाशीम)

नियमपत्रक वाचा. बाहेरचे खेळाडू किती चालतात ते तिथे लिहिलेलं असेल, नसेल तर तक्रारीला आधार नाही. असेल तर हरकत सामन्याआधी, लेखी, ठरलेल्या शुल्कासह द्या आणि पोच घ्या. प्रवेशअर्जावरच्या यादीशी ओळखपत्रं ताडून बघण्याची मागणी करा. हरल्यावर दिलेल्या अर्जाला कोणी विचारत नाही. खबर खोटी निघाली तर? तुमचे पोरं चार दिवस तेवढंच बोलत बसले असतील, आणि त्यांचा थ्रो कोणी बघितलाच नसेल.

प्रश्न : आडवा बांबू मोडला तर दोरी बांधून सामना पूर्ण करता येतो का? (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

नाही. नियमात दोरीला स्पष्ट मनाई आहे. दुरुस्त होईपर्यंत खेळ थांबतो, होतच नसेल तर सामना रद्द. टायब्रेकर सुरू असताना मोडला तर मात्र दुसऱ्या टोकाच्या गोलवर उरलेल्या किक मारता येतात. दोन्ही गोलांच्या ७.३२ मीटर रुंदीला पुरतील असे दोन बांबू आणि तारेचं एक भेंडोळं मैदानाबाहेर तयार ठेवा, आणि सामन्याच्या सकाळी गोलला लोंबकळणाऱ्या लहान पोरांना तिथून हुसका. बांबू मोडतो तो त्यांच्यामुळे, आणि उभे खांब जमिनीत नीट गाडलेले नसले तर पडतो तोही त्यांच्याच अंगावर.